सव्वा माणूस

"तुम्हीच बघा, परब साहेब. मी काही बोलत नाही." चौबळ साहेबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

क्लिप लिफ्टच्या आतल्या कॅमेऱ्याची होती. तीन मुलं. तेराएक वर्षांची मुलगी, तिच्याहून लहान एक मुलगा आणि एक अगदी चिमुरडा. मुलगी बटणं दाबते. थांबते. परत दाबते. मधला मुलगा दाबतो. मग चिमुरडा उड्या मारत हाताला येईल ते बटण दाबतो. लिफ्ट जागची हलत नाही. शेवटी तिघं बाहेर पडतात. क्लिपला आवाज नव्हता. बिनआवाजाची मुलं मस्ती करतानाच दिसतात.

"रोजचं झालंय हे," चौबळ म्हणाले. "संध्याकाळी ही गँग आत शिरते आणि लिफ्ट तळमजल्याला अडकते. वर लोक ताटकळत उभे. मोठं माणूस आत गेलं की लिफ्ट निमूट चालते. आता सांगा, दोष लिफ्टचा की पोरांचा?"

चौबळ म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला त्यांचा बावीस मजल्यांचा टॉवर आहे. मी लिफ्ट कंपनीत सर्व्हिस इंजिनीयर. आमचं ऑफिस ठाण्याला, मी राहतो कल्याणला, आणि माझ्याकडे या पट्ट्यातल्या साठेक लिफ्ट असतात. लिफ्ट बसवणारे वेगळे, विकणारे वेगळे. आम्ही सर्व्हिसवाले. आम्हाला लोक बिघडल्यावरच बोलावतात, त्यामुळे आमच्याशी कोणी हसून बोलत नाही. त्याची सवय होते.

मी वर मशीन रूममध्ये गेलो. तिथे कंट्रोलर असतो. कंट्रोलर म्हणजे लिफ्टचा मेंदू. कोणतं बटण दाबलं, दार बंद झालं का, आत वजन किती, हे सगळं त्याला कळतं. काही चुकलं की तो त्याची नोंद ठेवतो. त्याला फॉल्ट लॉग म्हणतात. डॉक्टर जसा आधी रिपोर्ट बघतो, तसा मी आधी लॉग बघतो.

लॉग स्वच्छ होता. एकही फॉल्ट नाही. दाराचा सेन्सर पाहिला, ब्रेक पाहिला, मी एकटा आत उभा राहून वर-खाली फेऱ्या मारल्या. लिफ्ट लोण्यासारखी चालत होती.

खाली येऊन मी चौबळांना सांगितलं, "लिफ्टमध्ये दोष नाही."

"म्हणजे पोरंच," ते म्हणाले. मी असं म्हटलं नव्हतं. पण मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणं म्हणजे हो, असं त्यांनी धरलं.

निघताना लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड दिसला. काचेच्या आत त्याच क्लिपमधला फोटो मोठा करून लावला होता. रंगीत. तिन्ही चेहरे स्पष्ट. खाली फ्लॅट नंबर आणि ओळ: 'लिफ्टचे नुकसान करणारी मुले. पालकांनी नोंद घ्यावी.' शेजारी पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना होती. पार्किंगमध्ये गाड्या आडव्या लावू नयेत अशीही एक होती. गाड्या आडव्या लावणाऱ्यांचा फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये कामत मॅडमनी बोलावलं. त्या आमच्या ब्रँच मॅनेजर.

"परब, कोपरच्या साइटचा लॉग क्लीन आहे ना?"

"हो मॅडम."

"मग झालं. त्यांची कार्ड सिस्टिमची एन्क्वायरी आली आहे. निनाद जाईल. तुम्ही सोबत जा. टेक्निकल काही विचारलं तर."

सोबत जा. सव्वीस वर्षं मी या कंपनीत आहे. निनाद चार वर्षांपूर्वी आला. सेल्समध्ये आहे. इंजिनीयर नाही. त्याला लिफ्टच्या गव्हर्नर आणि बफर या दोन भागांतला फरक सांगता येणार नाही, आणि हे मी खोडसाळपणे म्हणत नाही, एकदा विचारून पाहिलं आहे. पण मॅडमच्या केबिनचं दार त्याला ढकलून उघडता येतं. मला टकटक करावी लागते.

आता हेव्याबद्दल सांगायलाच लागलो आहे तर पूर्ण सांगतो. गेल्या वर्षी ऑफिसच्या पूजेला मी मुलाला घेऊन गेलो होतो. आदित्य पंधरा वर्षांचा आहे. घरी माझ्याशी तो 'हं', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांत बोलतो. त्या दिवशी तो निनादशी प्रसादाची प्लेट हातात धरून अर्धा तास बोलत होता. हातवारे करून बोलत होता. मी जवळ गेलो तसा थांबला. काय बोलत होतात असं परतीच्या वाटेवर विचारलं. "काही नाही, असंच," म्हणाला. त्या दिवसापासून निनादचं हसणं मला जरा जास्तच मोठं वाटतं.

कार्ड सिस्टिम म्हणजे काय तेही सांगतो. प्रत्येक रहिवाशाला एक कार्ड. लिफ्टमध्ये ते टेकवलं तरच बटण चालतं. बाहेरच्यांना आळा बसावा म्हणून ती असते. या कमिटीला ती वेगळ्या कामाला हवी होती. चौदा वर्षांखालच्यांना कार्ड द्यायचंच नाही. मोठ्या माणसाबरोबर असतील तर चढावं, नाहीतर जिना आहे.

संध्याकाळी आम्ही साइटवर पोचलो. चौबळांना यायला वेळ होता. मी बॅगेतून मीटर काढत होतो. निनाद कुठे गेला म्हणून पाहिलं, तर तो बागेच्या कठड्यावर मुलांच्यात बसला होता. टाय खिशात.

"काय रे, फोटोतले व्हिलन लोक तुम्हीच का?"

मुलं हसली. चिमुरडा म्हणाला, "मी पण आहे फोटोत. मी छोटा व्हिलन."

"नाव काय छोट्या व्हिलनचं?"

"ओम. नववा मजला."

मधला तन्मय, चौदावा मजला. मुलगी रेवा, सतरावा. रेवा हसली नव्हती. हातात दोघांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. तिघांचेही आईवडील नोकरीवरून उशिरा येणारे. खेळून झालं की दोघांना घरी पोचवायचं काम तिच्याकडे असे. ते तिला कोणी नेमून दिलं होतं असं नाही. ती मोठी, म्हणून ते तिचं.

मी जवळ गेलो तशी ती उठून उभी राहिली. "अंकल, तुम्ही पण ओरडायला आलात का?"

बघा. तेवढ्या वेळात तो त्यांचा निनाद दादा झाला होता, मी मात्र अंकल. माझे केस पांढरे आहेत हे मान्य. पण ओरडायला आलात का हे तिनं त्याला विचारलं नव्हतं.

"मला दादाला सांगायचंय," ती निनादकडे वळली. "आम्ही मस्ती करतच नाही. तिघं असलो की ती आम्हाला घेतच नाही."

"घेत नाही म्हणजे?"

"म्हणजे बटण लागतं आणि विझतं. परत लावलं की परत विझतं. चौबळ आजोबांना सांगितलं तर म्हणाले, खोटं बोलू नकोस, इंजिनीयरने चेक केलंय. वॉचमन काकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमचे हात चिकट असतात. आईनं सांगितलं तर आईला म्हणाले, मुलांना वळण लावा. सामानाच्या लिफ्टने गेलो तर तिथून हाकलतात."

"मग वर कसे जाता?"

"कोणी मोठं येईपर्यंत थांबतो. नाहीतर चढतो. ओमला उचलून."

"दोघंच असलात तर?" हे मी विचारलं. मला थोडं काहीतरी सुचायला लागलं होतं.

ती विचार करून म्हणाली, "तेव्हा घेते बहुतेक."

निनादनं तिच्या खांद्यावर थोपटलं. "चल, आमच्या परब सरांना दाखव. ते ग्रेट आहेत." ग्रेट. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटलं नाही. मी लॉग पाहिला, सेन्सर पाहिला, ब्रेक पाहिला. त्यानं फक्त विचारलं. लॉग वाचणं मला येतं, आणि कठड्यावर बसणं मला येत नाही, हे असं लोकांसमोर उघडं पडलं.

तिघांना आत पाठवलं. मी दारात उभा राहिलो. "रोज करता तसंच करा."

रेवानं नऊ दाबला. दिवा लागला. चौदा दाबला. लागला. सतरा दाबला. तिसरा दिवा लागला, आणि त्याच क्षणी तिन्ही विझले. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. ओम म्हणाला, "बघा! गेलं!" आणि सवयीनं उड्या मारून बटणं दाबायला लागला. अगदी क्लिपमधल्यासारखा. फक्त आता मला आवाज ऐकू येत होता.

मी तसाच सामानाच्या लिफ्टने वर मशीन रूममध्ये गेलो. फोनवर निनादला म्हटलं, मुलांना आतच ठेव. कंट्रोलरच्या स्क्रीनवर आतलं वजन दिसतं. चौऱ्याऐंशी किलो. तिघांचं मिळून.

आता थोडा हिशेब. लिफ्टवर 'तेरा माणसे' असं लिहिलेलं असतं. ते माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. तेरा गुणिले अडुसष्ट, आठशे चौऱ्याऐंशी. आमच्या धंद्यात माणूस मोजायचं माप ते. त्या मापानं ही तीन मुलं म्हणजे सव्वा माणूस.

कंट्रोलरमध्ये एक सेटिंग असतं. इंग्रजी मॅन्युअलमध्ये त्याचं जे नाव आहे त्याचा अर्थ उपद्रव-प्रतिबंध. ते फॅक्टरीतूनच चालू येतं. त्याचा नियम असा: आतलं वजन क्षमतेच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, आणि दोनपेक्षा जास्त मजले दाबले गेले, तर सगळे दाबलेले मजले रद्द कर. या लिफ्टचे दहा टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलो. कारण काय, तर एवढ्या कमी वजनात फार तर एकच माणूस असणार, आणि एका माणसाला तीन मजल्यांवर काम नसतं. म्हणजे हे कोणीतरी पोर आहे आणि ते चाळे करतंय. यंत्राला हे असं शिकवून पाठवलेलं असतं. तीन वेगळ्या घरची तीन खरी मुलं एकत्र घरी निघाली आहेत, ही शक्यता ते बनवणाऱ्याच्या डोक्यात आलेली नाही.

आणि हा फॉल्ट नाही. यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागत होतं. म्हणून लॉगमध्ये नोंद नव्हती.

मग हे आत्ताच का सुरू झालं? त्याचंही उत्तर सापडलं. सोसायटीनं लिफ्टमध्ये मागेच, ओम खेळायलाही उतरत नव्हता तेव्हा, ग्रॅनाइटची फरशी टाकली होती. त्या फरशीचं वजन लिफ्टला माणसाचं वाटत होतं. लिफ्ट रिकामी असली तरी तिच्या मते आत दोन-तीन जण उभे असायचे. त्यामुळे दहा-अकरा जण चढले की ओव्हरलोडची घंटा वाजायला लागली. अलीकडे तक्रार आली. आमच्या माणसांनी जाऊन वजनाचा काटा परत शून्यावर आणला. काम बरोबर केलं. पण त्या दिवसापासून फरशीचं वजन धरणं थांबलं आणि मुलांचं खरं वजन मोजलं जाऊ लागलं. फरशी मोजली जात होती तोपर्यंत मुलांना तिच्या वजनावर घरी जाता येत होतं.

मी सेटिंग बंद केलं. एका मिनिटाचं काम. खालून फोनवर आरडाओरडा ऐकू आला. लिफ्ट निघाली होती.

खाली आलो तेव्हा निनाद गेटपाशी फोनवर होता. "हो मॅडम, आम्ही शोधून काढलं. पॅरामीटरचा इश्यू होता." आम्ही. फोन ठेवून म्हणाला, "परब सर, कमाल केलीत. चला, चहा."

टपरीवर त्यानं मुद्दा काढला. "रविवारी त्यांची मीटिंग आहे. तिथे एवढं डिटेल नको हां. सेटिंग अपडेट केलं, एवढंच म्हणू. कार्ड सिस्टिम सेफ्टीसाठी राहू दे. मॅडमचं टार्गेट आहे."

"आणि मुलांना कार्ड?"

"ते कमिटीचं आहे ना. आपण कुठे त्यात?"

"तो फोटो?"

"काढतील हो." तो हसला. निनाद वाईट माणूस नाही. मुलांशी तो खोटं वागत नव्हता, त्याला मुलं खरंच आवडतात. फक्त ती त्याच्या कामाचा भाग नव्हती. काम कमिटीकडे होतं.

त्या रात्री जेवताना मी आदित्यला विचारलं, "तुमच्या लिफ्टमध्ये कधी बटणं विझतात का?"

"आपल्या बिल्डिंगला लिफ्ट कुठाय, बाबा?"

खरं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. बायको ताटावर वाकून हसली. मी पुढे काही विचारलं नाही.

रविवारची मीटिंग क्लब हाउसमध्ये. तीस-चाळीस जण असतील. पहिली सूचना चौबळांची, "मुलांनी बाहेर थांबावं." विषय मुलांचा, म्हणून मुलं बाहेर. त्यात कोणाला काही खटकलं नाही. काचेच्या दाराबाहेर रेवा, तन्मय, ओम उभे होते. आत रेवाची आई शेवटच्या रांगेत, ऑफिसची बॅग मांडीवर. त्यांची रविवारीही अर्धी ड्यूटी होती.

मला बोलायला सांगितलं नव्हतं अजून. आधी चर्चा झाली.

एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळी लिफ्ट होती का? चाळीत राहिलो, पाणी दोन जिने चढवलं. काही मेलो नाही."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आम्हाला खेळायला तरी कुठे सोडायचे? यांना बाग आहे, स्विमिंग आहे, वर लिफ्ट पण एकट्यांना पाहिजे."

चेअरमन म्हणाले, "चढू दे की जरा. नाहीतरी मोबाइल घेऊनच बसतात."

मी ऐकत होतो. आठवडाभर मी निनादचा हेवा करत होतो, त्यामुळे माझा कान त्या सुराला तयार झाला होता. या लोकांना मुलांचा राग नव्हता. त्यांना हेवा वाटत होता. आम्हाला नव्हतं ते यांना का? आम्हाला कोणी विचारलं नाही, मग यांना का विचारायचं? त्याला ते शिस्त म्हणत होते.

मला ते कळलं कारण तो सूर माझ्या आतही होता. मी कल्याणजवळ मोहने गावात वाढलो. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात होते. मी बाराचा असेन. शेजाऱ्यांच्या सायकलचा डायनॅमो गेला. मी तो पाहिलाही नव्हता. ते दारात आले, वडिलांनी आधी माझ्या कानाखाली काढली आणि मग त्यांना विचारलं, काय झालं. मला त्यांनी कधीच विचारलं नाही. आणि मला विचारतील अशी माझीही अपेक्षा नव्हती. काचेबाहेरची ती मुलगी मात्र सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाला जाऊन सांगून आली होती, आम्ही काही केलेलं नाही. हे तिला कोणी शिकवलं असेल? मला तिचा हेवा वाटला. साध्या भाषेत, जळलो मी तिच्यावर.

मग निनाद उभा राहिला. छान बोलला. सेटिंग अपडेट केलं आहे, लिफ्ट आता व्यवस्थित आहे, तरीही सुरक्षिततेसाठी कार्ड सिस्टिम घ्यावी. माना हलल्या. चौबळ म्हणाले, "म्हणजे प्रश्न मिटला. मंजूर करू या?"

काचेचं दार उघडलं. रेवा आत आली होती.

"बेटा, बाहेर," चौबळ म्हणाले.

"आजोबा, फोटो काढणार ना?"

"काढू, काढू. मोठी माणसं बोलतायत ना?"

"पण आम्ही काही केलं नव्हतं, हे सगळ्यांना सांगणार ना? माझ्या क्लासमध्ये पण फॉरवर्ड झालाय तो. मला लिफ्टतोडी म्हणतात."

कोणीतरी हसलं. लिफ्टतोडी या शब्दाला हसलं असेल, पण हसलं.

ती निनादकडे वळली. "दादा, तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहितीये."

निनादनं चौबळांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेच मोठं हसू. "रेवा, लिफ्ट चालू झाली ना? मग जाऊ दे ना आता. चिल."

तिचा चेहरा पडला. आणि मला आनंद झाला. इथे खोटं लिहून उपयोग नाही. तिच्याबद्दल वाईट वाटण्याच्या आधी मला तो आनंद झाला, की चला, तुझा दादा बघ कसा आहे.

ती माझ्याकडे आली. "अंकल, इंजिनीयर तुम्हीच ना? ते म्हणतात इंजिनीयरने चेक केलं. मग तुम्ही बोला."

मी उभा राहिलो. न्याय वगैरे माझ्या डोक्यात किती होता आणि निनादच्या वर जाण्याची हौस किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. पण आकडे माझ्याकडे होते, आणि आकडे मी गाळत नाही. मी सगळं सांगितलं. अडुसष्ट किलोचा माणूस, अठ्ठ्याऐंशीची मर्यादा, चौऱ्याऐंशी किलोची तीन मुलं, फरशी. म्हणालो, "बटणं विझत होती म्हणून मुलं परत परत दाबत होती. तुम्ही कोणीही तेच केलं असतं. मुलांनी नुकसान केलेलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये तसं लिहून देतो. आणि ज्या कारणासाठी तुम्ही कार्ड घेताय, ते कारण आता नाही."

निनाद जमिनीकडे पाहत होता.

चेअरमन म्हणाले, "मग काय, आता लहान पोरांची माफी मागायची?"

शेवटच्या रांगेतून रेवाची आई बोलली. "मोठ्या माणसाची चूक नसताना त्याचा फोटो लावला असतात, तर मागितली असतीत ना?"

चौबळ उठले. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, चूक निघाली की त्याला बसवत नाही, एवढं मी त्यांच्याबद्दल म्हणेन. ते रेवाच्या आईकडे गेले. "वहिनी, गैरसमज झाला. सॉरी."

"माझा नाही फोटोत चेहरा," त्या म्हणाल्या.

चौबळ वळले. तेरा वर्षांच्या मुलीसमोर उभं राहून काय म्हणायचं, याची त्यांना सवय नव्हती. आधी त्यांनी हात तिच्या डोक्याकडे नेला, मग मागे घेतला. "रेवा, आम्ही चुकलो. तुम्ही खरं सांगत होता."

"ओमला पण सांगा," ती म्हणाली. "तो अजून म्हणतो तो व्हिलन आहे."

सगळे बाहेर बोर्डापाशी गेले. चौबळांनी किल्लीनं काच उघडली, फोटो काढला आणि ओमच्या हातात दिला. ओमनं तो नीट पाहिला. "मी यात छान दिसतोय," म्हणाला आणि देईना. त्याच जागी दुसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट लागला, खालची ओळ मोठ्या अक्षरात. कार्ड सिस्टिमचा विषय 'पुढील मीटिंगमध्ये' गेला. सोसायटीत पुढील मीटिंग म्हणजे कधीच नाही.

कामत मॅडम रागावल्या. "परब, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं, मॅडम."

"कोणी?"

"एका पॅसेंजरनं."

कोपरची साइट माझ्याकडून काढली. मला टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगी दिल्या. लांब पडतं. निनादला त्या वर्षी ग्राहकांशी उत्तम संबंध ठेवल्याबद्दल शाबासकी मिळाली. शेवटच्या दिवशी चार्ज द्यायला आम्ही दोघं कोपरला गेलो तेव्हा बागेतून मुलं ओरडली, "निनाद दादाऽऽ!" त्याला त्यांनी माफ करून टाकलं होतं. मुलं पटकन माफ करतात, हे मला त्या वेळी फारसं आवडलं नाही. रेवानं मला नुसती मान हलवून दाखवली, मोठी माणसं ओळखीच्या माणसाला दाखवतात तशी. मी तेवढी ठेवून घेतली.

ते सेटिंग फॅक्टरीतूनच बंद येऊ दे, असं मी हेड ऑफिसच्या डिझाइन विभागाला लिहिलं. सगळे आकडे जोडले. उत्तर आलं: 'या सुविधेबाबत ग्राहकांकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही.' ते खरंच असणार. आमच्याकडे तक्रार नोंदवायला फ्लॅटमालकाचं किंवा सेक्रेटरीचं नाव लागतं. ओमला आधी नववा मजला विकत घ्यावा लागेल.

तेव्हापासून नवी लिफ्ट चालू करायच्या दिवशी, खाली मालक मंडळी नारळ फोडत असतात तेव्हा, मी मशीन रूममध्ये जाऊन ते सेटिंग स्वतः बंद करतो. मग खाली येऊन बिल्डिंगमधली तीन मुलं शोधतो, त्यांना आत उभं करतो आणि सांगतो, तीन वेगळी बटणं दाबा. टेस्टिंगच्या यादीत ही टेस्ट नाही. पण वजनाचे लोखंडी ठोकळे आत ठेवून जी टेस्ट होते, त्यातले ठोकळे नंतर काही बोलत नाहीत. मुलं सांगतात.